मालकाची पत्रिका

नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीची माहिती काढून जावे, असा सल्ला आजकाल प्रत्येक मुलीला मिळतो. कॉलेजच्या प्लेसमेंट कक्षात मिळतो, कौशल्य-प्रशिक्षण केंद्रात मिळतो, आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या 'रोजगारक्षमता' वर्गात तर हमखास मिळतो. सल्ला चांगलाच आहे. माझे भांडण सल्ल्याशी नाही, त्यामागच्या हेतूशी आहे. ही माहिती काढायची ती कशासाठी? तर मुलाखत घेणाऱ्याला बरे वाटावे म्हणून! संस्थापकाचे नाव काय, स्थापना कोणत्या साली, शाखा किती, उलाढाल किती, 'व्हिजन' काय आणि 'मिशन' काय. मग समोरच्या साहेबांनी "आमच्याकडेच का यावेसे वाटते?" असे विचारले, की घडाघडा म्हणून दाखवायचे. शाळेत पाहुणे आले की स्वागतगीत म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

गेली नऊ वर्षे मी पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमधून मुलींबरोबर काम करते आहे. बारावी झालेल्या, बी.कॉम. झालेल्या, आयटीआय केलेल्या या मुली मुलाखतीच्या आदल्या दिवशी आमच्या केंद्रात येतात, तेव्हा त्यांच्या हातात वर्गात लिहून घेतलेला कागद असतो. असे कितीतरी कागद मी वाचले आहेत. अध्यक्षांचे शिक्षण कुठे झाले इथपर्यंत सगळे त्यात असते. पगार कोणत्या तारखेला होतो, हे एकाही कागदावर मला सापडलेले नाही. पीएफ भरतात का, नियुक्तिपत्र देतात का, स्त्रियांसाठी संडास कोणत्या मजल्यावर आहे, रात्री दहाला सुटल्यावर घरी कसे यायचे, आपली सही नक्की कोणाच्या कागदावर होणार आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? यातले काहीही नाही. मुलगी मालकाचे चरित्र पाठ करून जाते आणि मालकाचे चारित्र्य तिला ठाऊक नसते.

मैत्रिणींनो, हे आपल्याला कुठेतरी ओळखीचे वाटत नाही का? लग्न जुळवताना आपल्या घरांतून स्थळाची चौकशी होतेच की. मुलगा कुठे नोकरीला, पगार किती, गावाकडे जमीन किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. तो पितो का, हात उगारतो का, आधीच्या सुनेला या घरात कसे वागवले, हे विचारायचे मात्र राहून जाते, कारण तसे विचारले तर स्थळ हातचे जाईल. चौकशी घराण्याच्या ऐपतीची होते, मुलीच्या तिथल्या आयुष्याची होत नाही. मुलाखतीचा कार्यक्रम हा या पाहण्याच्या कार्यक्रमाचाच सख्खा भाऊ आहे. केस नीट बांध, आवाज खाली ठेव, हसतमुख राहा, आणि त्यांनी विचारले तरच बोल.

आणि चौकशी एकाच बाजूची असते असेही नाही. मालक आपली चौकशी करतोच, आणि तीही कामाच्या हद्दीबाहेर जाऊन. याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता, की बाईने लग्न केले की तिची नोकरी संपली. कामगार संघटना यावर लढली आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. कंपनीचा बचाव काय होता? या विभागात गटाने काम करावे लागते, आणि लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात! न्यायालयाने तो मानला नाही. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९९१ साली, नीरा माथूर खटल्यात उघड झाले की आयुर्विमा महामंडळासारखी सरकारी संस्था नोकरीच्या प्रतिज्ञापत्रात स्त्रियांना विचारत होती, की पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का. लिपिकाच्या खुर्चीवर बसायला गर्भाशयाचा हिशोब कशाला हवा होता? हे रकाने काढून टाका, असे न्यायालयाला सांगावे लागले. बरे, हे सगळे जुने झाले म्हणावे, तर डिसेंबर २०२१ मध्ये स्टेट बँकेने परिपत्रक काढले, की तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेली उमेदवार 'तात्पुरती अपात्र' समजावी. देशभर ओरड झाली तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ते गुंडाळावे लागले. जून २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली, की चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जुळवण्याच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेणे टाळले जाते. कंपनीने आरोप नाकारला. पण लग्न झालेय म्हणून दारातूनच परतवलेल्या बायका त्या बातमीत स्वतः बोलल्या होत्या.

जात-धर्माची चौकशी तर विचारावीही लागत नाही, ती आडनावावरूनच होते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवले, फक्त नावे बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा अभ्यास आला. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भरती करणारे अधिकारी सांगत होते, की आम्ही जात बघत नाही, 'घरची पार्श्वभूमी' बघतो. म्हणजे वडील काय करतात, राहता कुठे, भावंडे किती. आमच्या वस्तीतल्या मुलीला 'राहता कुठे' या एका प्रश्नाचे उत्तर देताना काय वाटते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

थोडक्यात, त्यांनी आपली पत्रिका केव्हाच मांडलेली असते. आता आपण त्यांची मांडायला काय हरकत आहे?

आमच्याकडच्या घरकामगार मैत्रिणींना मी याबाबतीत गुरू मानते. त्यांच्याइतकी पक्की चौकशी कोणत्याही प्लेसमेंट कक्षाने आजवर शिकवलेली नाही. नवे काम धरण्याआधी बाई थेट घरमालकिणीशी बोलतच नाही. आधी सोसायटीच्या वॉचमनला विचारते, मग खालच्या मजल्यावर काम करणारीला गाठते. आधीची बाई का सोडून गेली? खाडे कापतात का? पगार पाच तारखेला की वीस तारखेला? दिवाळीला बोनस देतात, की जुनी साडी? साहेब घरूनच काम करतात का, आणि बाईसाहेब घरी नसतात तेव्हा घरात कोण असते? हा शेवटचा प्रश्न फार हळू आवाजात विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा मानेनेच दिले जाते. तेवढे पुरते. एखाद्या घराला बाई मिळत नाही, म्हणून मालकीण वैतागते आणि 'या लोकांना कामच नको' म्हणते. तिला ठाऊक नसते की तिच्या घराची पत्रिका बसस्टॉपवर केव्हाच वाचली गेली आहे. कागद नाही, पेन नाही, पण माहिती बिनचूक असते.

शिकलेल्या मुलींकडे मात्र हा बसस्टॉप नाही. त्यांना एकेकटीने मुलाखतीला जायला शिकवले आहे. पण त्यांच्या हाती दुसरे काही आहे, जे घरकामगार बाईकडे नाही. त्यांच्या मालकाला काही गोष्टी कायद्यानेच उघड कराव्या लागतात. त्या कुठे बघायच्या हे कोणत्याही वर्गात सांगत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट भिंत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. त्याच्या मुळाशी राजस्थानातली भंवरीदेवी आहे. सरकारी योजनेत काम करणारी, बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली बलात्कार झालेली, आणि सरकारने आपली कर्मचारी म्हणून जिची जबाबदारीच घेतली नाही अशी. तिच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्याला कायद्याचे रूप यायला आणखी सोळा वर्षे लागली. या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरच्या संस्थेची हवी, आणि समिती नेमल्याचा आदेश लोकांना दिसेल अशा जागी लावलेला हवा. तेव्हा मुलाखतीसाठी तासभर बाहेर बसवून ठेवतात ना, तो तास कंपनीची स्तुती घोकण्यात घालवू नका. भिंती वाचा. आदेश आहे का? कोणत्या सालचा आहे? त्यावरची नावे अजून तिथे कामाला आहेत का? बाहेरच्या सदस्याचे नाव टिपून घ्या, पुष्कळदा ती आपल्याच वर्तुळातली निघते. समिती नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही २०२३ साली ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला एका वृत्तपत्रातल्या बातमीचा उल्लेख करावा लागला, की देशातल्या तीस क्रीडा महासंघांपैकी सोळांनी ही समितीच नेमलेली नाही. कायदा होऊन दहा वर्षे झाल्यावरची ही गत!

आणखी एक. या कायद्यात तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. कामाच्या जागी आलेली कोणतीही स्त्री त्यात येते. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत कोणी घाणेरडे बोलले, नोकरीच्या बदल्यात काही सुचवले, तर नियुक्तिपत्र हाती नसतानाही तक्रार करता येते. मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. ही माहिती किती मुलींना आहे?

दुसरी गोष्ट कंपनीचा वार्षिक अहवाल. मुली तो वाचतात, पण पहिली चार पाने, जिथे अध्यक्षांचा हसरा फोटो असतो. आपल्या कामाचे सगळे मागे असते. अंतर्गत समितीचा नियम पाळला की नाही, हे संचालकांच्या अहवालात लिहिणे २०१८ पासून बंधनकारक झाले. १४ जुलै २०२५ पासून तर वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांहून अधिक काळ किती पडून आहेत, हेही आकड्यांत द्यावे लागते. शिवाय स्त्री कर्मचारी किती आणि प्रसूती लाभाचा कायदा पाळला का, तेही. अगदी छोट्या कंपन्या यातून सुटतात. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून याहून अधिक सांगावे लागते. कायम कामगारांत स्त्रिया किती आणि कंत्राटीत किती, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या पगारात फरक किती, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा म्हणजे बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांपैकी बारा महिन्यांनंतर नोकरीत किती टिकल्या. 'आम्ही स्त्रियांचा सन्मान करतो' हे वाक्य प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात असते. ते खरे की खोटे, हे हा एक आकडा सांगतो.

इथे एक सावधगिरी. तक्रारींचा आकडा शून्य दिसला की हुरळून जाऊ नये. दोन हजार बायका काम करतात आणि सलग पाच वर्षे एकही तक्रार नाही, याचा अर्थ तिथे रामराज्य आहे असा होत नाही. तक्रार कुठे करायची हे कोणाला ठाऊक नाही, किंवा केलेलीचे काय झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे, असाच बहुधा होतो. ज्या कंपनीत चार तक्रारी आल्या आणि चारही मुदतीत निकाली निघाल्या, ती मला शून्यवालीपेक्षा बरी वाटते.

तिसरी गोष्ट पीएफ. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले, की कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला ते दिसते. मुलाखतीत साहेब सांगतात, "आमच्या कुटुंबात तीनशे जण आहेत." संकेतस्थळावर पंचेचाळीस दिसतात. उरलेले कुटुंबीय कुठे गेले? ते ठेकेदाराचे! चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यात हा अनुभव नवा नाही. मुलाखत कंपनीच्या वातानुकूलित खोलीत होते, नियुक्तीचा कागद मात्र कोणत्या तरी 'एंटरप्रायझेस'चा असतो, ज्याचे कार्यालय एका गाळ्यात असते. म्हणून माहिती काढायची ती ठेकेदाराची. मोठ्या कंपनीचे व्हिजन पाठ करून काय उपयोग, पगार बुडाला तर गाठावे लागणार ते गाळेवाल्याला.

नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने पुष्कळ कायदे त्यांत गेले. त्यांतल्या अनेक तरतुदी मालकांच्या सोयीच्या आहेत, यावर आपल्या पानांतून वाद व्हायलाच हवा. पण सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा आणि पन्नास कर्मचाऱ्यांमागे पाळणाघर, ही २०१७ साली मिळालेली हक्काची गोष्ट नव्या संहितेतही आहे. आणि प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. "आमच्यात कागदबिगद नसतो, विश्वासावर चालते" असे कोणी म्हणाले, तर एवढे लक्षात ठेवायचे.

रात्रपाळीचे काय? नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीवर, कंपनीने कंत्राटाने घेतलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. ती कामावर निघाली होती. कंपनीने पाठवलेल्या गाडीत बसली होती, म्हणजे तिने सुरक्षिततेचे सगळे नियम पाळले होते. त्यानंतर 'गाडी देता का' एवढा प्रश्न पुरेसा राहिलेला नाही. गाडी कोणाची, चालकाची तपासणी कोणी केली, गाडीत पहिली बसणारी आणि शेवटची उतरणारी बाई असते का, रक्षक असतो का, हे विचारायला हवे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि तिच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी असे म्हटले आहे. संमती! बायोडेटा घेऊन आलेल्या मुलीपुढे छापील कागद सरकवतात आणि खाली सही घेतात, त्याला संमती म्हणायचे असेल तर मग बोलणेच खुंटले.

आता यावर दोन आक्षेप येतात. पहिला मुलींकडून, दुसरा आपल्या लोकांकडून.

मुली म्हणतात, ताई, हे सगळे विचारले तर नोकरी मिळेल का? नाही मिळणार. मुलाखतीत तोंडावर पीएफ विचारणारी मुलगी 'अ‍ॅटिट्यूडवाली' ठरते, हे मी पाहिले आहे. आणि घरात तीन महिन्यांचे भाडे थकलेले असताना कोणी हा चोखंदळपणा करावा असे मी म्हणणारही नाही. पण वर लिहिलेल्यातले बहुतेक सगळे विचारायचे नाही, वाचायचे आहे. भिंत वाचायची, अहवाल वाचायचा, संकेतस्थळ वाचायचे, गेटवर सुटणाऱ्या शिफ्टच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहायचे. जे विचारायचे ते नोकरी देऊ केल्यानंतर आणि सही करण्याआधी विचारायचे, तेव्हा आपले वजन थोडे तरी वाढलेले असते. आणि माहिती काढली म्हणजे नोकरी नाकारलीच पाहिजे असेही नाही. वाईट जागी जायचे असेल तर माहीत असून जावे. हजेरीचा फोटो काढून ठेवावा, पगाराची स्लिप जपावी, पहिल्या आठवड्यातच जुन्या बायकांशी ओळख करावी, अडले तर कोणाला फोन करायचा ते आधी ठरवून ठेवावे. डोळे बांधून गेलेली आणि डोळे उघडे ठेवून गेलेली यांत फरक असतोच.

१९७४ सालची सुधा कुलकर्णींची गोष्ट वर्गांतून नेहमी सांगतात. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे लिहिलेले पाहून त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, आणि त्यांना पुण्यात मुलाखतीला बोलावणे आले, नोकरीही मिळाली. वर्गांत ही 'जिद्दीची' गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात वेगळेच दिसते. टाटांनी देशात काय काय उभारले हे त्यांना ठाऊक होते, आणि तीच माहिती त्यांनी टाटांपुढे प्रश्न म्हणून ठेवली, की असे घराणे आणि टेल्कोत बायकांना मज्जाव? मालकाची माहिती मालकाला खूश करायला वापरता येते तशी त्याला जाब विचारायलाही वापरता येते. अर्थात, प्रत्येक जाहिरातीमागे पोस्टकार्ड वाचणारा टाटा नसतो. आणि एकटीने पत्र लिहून दार उघडले, तरी ते उघडले त्या एकटीसाठीच.

कौशल्यवर्गांत हे का शिकवत नाहीत? उत्तर अवघड नाही. ज्या कंपनीच्या निधीतून वर्ग चालतो, त्याच कंपनीत मुली लावायच्या असतात. किती मुलींना नोकऱ्या लागल्या या आकड्यावर केंद्राचे पुढचे अनुदान ठरते. मुलगी किती दिवस टिकली आणि का सोडून आली, हे त्या तक्त्यात नसते. मग शिक्षक तिला प्रश्न विचारायला कशाला शिकवतील?

दुसरा आक्षेप आपल्या लोकांचा. तो असा, की हे सगळे कारखानदारांना, मॉलवाल्यांना लागू आहे, आपले काम वेगळे. हा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण मी एम.एस.डब्ल्यू. होऊन ज्या मुलाखतींना बसले त्या कारखान्यांतल्या नव्हत्या, सामाजिक संस्थांतल्या होत्या. एका नावाजलेल्या संस्थेत तीन बायकांच्या समितीने मला विचारले, "लग्नाचा विचार काय आहे? फिरतीचे काम आहे म्हणून विचारतो." बाळंतपणाच्या रजेचे धोरण काय आहे असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले, "आमच्याकडे सगळ्या घरच्यासारख्या असतात गं."

घरच्यासारख्या! स्त्रीच्या घरातल्या श्रमाला मोल नाही, तास नाहीत, सुट्टी नाही, हे आपण तीस-चाळीस वर्षे शिबिरांतून ओरडून सांगत आलो. आणि कार्यकर्तीला नोकरीवर घेताना तिला वचन देतो ते घरच्यासारखे वागवण्याचे! 'वेळेचे बंधन न मानणारी', 'सामाजिक बांधिलकी असणारी', 'मानधन तत्त्वावर' अशा जाहिराती आपल्याच संस्थांच्या असतात. अकरा महिन्यांचा करार, प्रकल्प संपला की राम राम. पीएफचे विचारले तर 'चळवळीत पैशाचे काय बोलतेस'. अंगणवाडीताईंना आणि आशांना सरकार मानधनावर राबवते म्हणून आपण मोर्चे काढतो, ते बरोबरच आहे. २०२२ साली अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तेव्हा आपण पेढेही वाटले. पण मोर्च्याचे बॅनर रंगवणारी आपली कार्यकर्ती कोणत्या अटींवर काम करते? लैंगिक छळाचा कायदा ट्रस्टला, सोसायटीला, स्वयंसेवी संस्थेला तितकाच लागू आहे. दुसऱ्यांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून आपण मानाने जातो. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर तो आदेश आहे का?

निधी मिळत नाही, परदेशी देणग्यांवर बंधने आली, हे मला मान्य आहे. रोजच्या कामात मीही ते भोगते. पण पैसे नाहीत हे कारण प्रत्येक छोटा कारखानदारही देतो, आणि तेव्हा आपण ते ऐकून घेत नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या मालकांची एक वही ठेवावी. घरकामगार बायकांच्या बसस्टॉपचे हे लिखित रूप समजा. आमच्या केंद्रात गेली दोन वर्षे अशी वही आहे. नोकरी सोडून आलेली आणि नोकरीवर असलेली, दोघींकडून लिहून घेतो. पगाराची तारीख, ठेकेदाराचे नाव, कागद दिला का, बसायला स्टूल आहे का (केरळात २०१८ साली दुकानातल्या विक्रेत्या बायकांनी लढून बसण्याचा हक्क कायद्यात आणला, म्हणून हा रकाना), संडासाची किल्ली कोणाकडे असते, सुटायची छापील वेळ आणि खरी वेळ. लिहायचे ते तारीख घालून, स्वतः पाहिलेले किंवा कागदावर असलेले. ऐकीव गोष्ट लिहायची नाही. छळाच्या तक्रारीतल्या बाईचे नाव तर कधीच नाही, कायद्यानेही त्याला मनाई आहे. वही केंद्राबाहेर जात नाही. मुलाखतीला निघालेली मुलगी येते, आपले पान वाचते, आणि सहा महिन्यांनी त्यात दोन ओळींची भर घालून जाते.

दुसरी सूचना, आपल्या प्रत्येक संस्थेने याच रकान्यांचे स्वतःचे एक पान भरावे आणि नोकरीसाठी येणाऱ्या मुलीच्या हाती मुलाखतीआधी ठेवावे. तिने न विचारता. पगार किती, किती जणी कायम आणि किती प्रकल्पावर, पीएफ कोणाचा भरतो आणि कोणाचा नाही, समितीवर कोण आहे, गेल्या पाच वर्षांत किती जणी सोडून गेल्या. आमच्या केंद्राने हे पान भरायला घेतले आहे. पगाराचा रकाना पटकन भरून झाला. 'प्रकल्पावरील कार्यकर्तींची प्रसूती रजा' या रकान्यापुढे काय लिहायचे, यावरून आतापर्यंत दोन बैठका झाल्या आहेत. तिसरी येत्या शनिवारी आहे, आणि त्या बैठकीला प्रकल्पावरच्या चौघीही असणार आहेत.